वाणाचं रीळ

मेधाचा फोन आला तेव्हा तिच्या नवऱ्याचं मासे धरायच्या गळाचं रीळ माझ्यासमोर बाकावर सुटं करून ठेवलेलं होतं. ऑकलंडमधल्या पेनरोजच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात नाताळाच्या सुट्टीआधीची घाई चालली होती. जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून त्या रिळातली वाळू बारीक ब्रशने काढत बसलो होतो. मेधा माझी धाकटी बहीण, ख्राइस्टचर्चला नर्स आहे. दुपारची ती कधी फोन करत नाही, त्यामुळे तिचं नाव बघताच मी ब्रश खाली ठेवला. "दादा, हे गेले," ती म्हणाली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "नदीवर?"  ती म्हणाली, "नाही रे. घरी. कामावर जायला निघाले होते. बूट घालायला स्टुलावर बसले आणि उठलेच नाहीत." इतकी वर्षं ज्या फोनची मी धास्ती घेतली होती तो आला होता, आणि त्यात पाण्याचा संबंधच नव्हता. फोन ठेवल्यावर मी ते रीळ पुन्हा जोडायला घेतलं, आणि रोजच्या हाताखालचा साधा स्क्रू मला बसवता येईना.

शिरीषराव सांगलीचे. ख्राइस्टचर्चमध्ये फार्मसिस्ट होते. हे स्थळ मीच आणलेलं, त्यामुळे त्यांच्या सर्दीपासून गाडीच्या टायरपर्यंत सगळ्याची जबाबदारी आपलीच, असं मी उगाचच धरून चाललो. आई-बाबा गेल्यावर तर मेधाचं माहेर म्हणजे ऑकलंडमधलं, हिल्सबरोचं आमचं घर. जावयाचे लाड, मानपान आणि काळज्या हे सगळंच माझ्या वाट्याला आलं. लाड त्यांनी कधी करून घेतले नाहीत, काळज्या मात्र भरपूर दिल्या. माणूस अतिशय शांत. त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. ते आमच्याकडे आले की आमची ही म्हणायची, घरात पाहुणे आहेत असं वाटतच नाही. आणि अशा माणसाला या देशात येऊन नाद लागला तो सॅमन पकडण्याचा.

उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर ते मार्चमध्ये, सॅमन मासे समुद्रातून नदीत परततात. राकाया नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गोट्यांच्या किनाऱ्यावर माणसं खांद्याला खांदा लावून रांगेत उभी राहतात आणि लाटांपलीकडे गळ फेकतात. अंगात छातीपर्यंतची रबरी विजार. किनारा उतरता, लाट दांडगी, पायाखालचे गोटे सरकते. विजारीत पाणी शिरलं की माणसाला स्वतःचं अंग उचलत नाही. हे सगळं मला शिरीषरावांनीच सांगितलं, तेही मोठ्या हौसेनं, आणि माझी झोप उडवून दिली. मला पोहता येत नाही. त्यांना येत होतं, कृष्णेत शिकलेले, आणि तेच मला जास्त घाबरवायचं. त्यात गंमत अशी की त्यांच्या घरात मासा शिजत नाही. चुकून मिळालाच तर शेजारी देऊन टाकायचा. मग हा उद्योग कशासाठी, असं मी एकदा चिडूनच विचारलं. ते म्हणाले, "दुकानात दिवसभर लोक माझ्याकडे तोंड करून उभे असतात, दादा. प्रत्येकाचं काहीतरी दुखत असतं. तिथे सगळे समुद्राकडे तोंड करून उभे असतात. कोणी कोणाला काही विचारत नाही." 

आता रिळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमचं सगळं भांडण त्यावरून. वाचकांपैकी गळ टाकून बसणारे थोडेच असतील. मासा जोरात पळाला की दोरा तुटू नये म्हणून रीळ स्वतःहून बेताबेताने दोरा सोडत जातं. ज्या ब्रेकमुळे ते होतं त्याला ड्रॅग म्हणतात. रिळाची किंमत बघायची ती तिथे, आणि मीठ-वाळू आत जाऊ न देणाऱ्या सीलमध्ये. शिरीषरावांचं रीळ सेलमधलं. वाळू गेली की त्याचा ड्रॅग अडकायचा. ड्रॅग अडकला की दोरा सुटत नाही, आणि दोरा वाचवायचा तर माणसालाच माशामागे पाण्यात चालत जावं लागतं. एवढंच मला कळलं होतं आणि एवढं मला पुरे होतं. पण त्यांचं आपलं ठरलेलं, "दादा, मी रोज काउंटरवर लोकांना काय सांगतो? गोळी तीच, डबी वेगळी. महागड्या नावाच्या मागे लागू नका. आणि मीच जाऊन नाव विकत आणू?" मी म्हणायचो, "शिरीषराव, गोळीचं मला कळत नाही. पण मी जन्मभर सीलं तपासली. पहिल्या दिवशी स्वस्त आणि महाग सारखीच दिसतात." "मग झालं तर," ते म्हणायचे आणि हसायचे.

शेवटी मीच चौकशीला लागलो. ज्या माणसाने आयुष्यात मासा धरला नाही तो शनिवार-रविवार रिळांच्या दुकानांतून हिंडू लागला. एका दुकानातल्या बाई मोठ्या सहनशील होत्या. त्यांनी मला चार-पाच रिळं उघडून दाखवली. मी आतल्या चकत्या बघितल्या, बेअरिंग फिरवून बघितलं, सीलवरून नख फिरवलं. माझं मत आजही तेच आहे. अगदी स्वस्तातून मधल्या किमतीत गेलात तर जास्तीचा प्रत्येक डॉलर आत दिसतो. धातू बदलतो, ब्रेक मऊ चालतो, पाणी अडतं. त्याच्याही वर गेलात तर पुढे बहुतेक चकाकी आणि नाव. हे मला स्वच्छ कळत होतं. तरी मी सगळ्यात वरचं घेतलं. भीती वाटणारा माणूस मधली वस्तू घेऊच शकत नाही. "मासे कुठे पकडता?" असं बाईंनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, "मी नाही, माझा मेहुणा. आणि तो एका जागी उभा राहावा एवढंच मला हवंय." त्या म्हणाल्या, रीळ म्हणजे काही लाइफ जॅकेट नाही हं. पण दिलं त्यांनी बांधून.

शिरीषराव कोणाकडून साधा शर्ट घेत नसत. एवढी महाग वस्तू ते परत पाठवणार हे ठरलेलं. पण त्या वर्षी अधिक महिना आला, इथल्या ऐन हिवाळ्यात, आणि मला सुचलं की धोंड्याचं वाण जावयाला नाकारता येत नाही. आमच्या हिने तेहतीस अनारसे केले. चांदीचं निरांजन, अनारशांचा डबा आणि मध्ये रिळाचा खोका, असं सगळं घेऊन आम्ही ख्राइस्टचर्चला गेलो. शिरीषराव सोवळं नेसल्यासारखे अवघडून पाटावर बसले. खोका उघडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, गाठलंत मला." दोन्ही हातांनी त्यांनी ते कपाळाला लावलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय! हंगाम सुरू झाला तसा दर शनिवारी माझा फोन जायचा, "कुठलं रीळ नेलं होतंत?" आणि उत्तर यायचं, "तेच, जुनं." नवीन रीळ आधी देवापुढे होतं, मग मेधाच्या कपाटात तिच्या शालूजवळ गेलं. "वाणाची वस्तू खाऱ्या पाण्यात घालायची? मनाला पटत नाही, दादा." मी म्हणालो, "अहो, ती खाऱ्या पाण्यासाठीच केलेली आहे." "करणाऱ्याने केली असेल. तुम्ही अनारशांबरोबर दिलीत ना?" औषधांच्या बाबतीत एवढा बुद्धिवादी माणूस, आणि इथे हे! मी हात टेकले. चूक कोणाची म्हणायची? आपल्यात चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते, हे मला समजायला हवं होतं असं मेधा म्हणाली. मेधाला सगळं नंतर सुचतं.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी स्वतःच गेलो. म्हटलं, डोळ्यांनी बघू तरी. सकाळची वेळ होती, वारा समुद्रावरून येत होता. शिरीषरावांच्या शेजारी लाल टोपीतले एक वयस्कर माओरी गृहस्थ उभे होते, नमस्कार म्हणून मला "किया ओरा" म्हणाले आणि पुन्हा समुद्राकडे वळले. मी मागे, कोरड्यात. लाटेचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग एकदम शिरीषरावांची गळाची काठी वाकली. मासा लागला होता. दोरा थोडा सुटला आणि थांबला. ड्रॅग अडकला! मला तिथून दिसलं, कारण त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. पाणी गुडघ्यावर गेलं, मांडीवर गेलं. मी ओरडत होतो, "शिरीषराव, सोडा, सोडून द्या तो मासा!" ते मागे वळून बघेनात. मग लाट आली आणि ते दिसेनासे झाले... त्या लाल टोपीवाल्यांनी काठी टाकून त्यांच्या विजारीचे पाठीवरचे पट्टे धरले. मी कसा पुढे गेलो मला सांगता येणार नाही. कमरेपर्यंत पाण्यात मी होतो, बुटांसकट, चष्म्यासकट, आणि माझ्या हातात त्यांचं मनगट होतं. दोरा तुटला होता. आम्ही दोघांनी त्यांना ओढून गोट्यांवर आणलं. ते खोकत होते, आणि त्यांच्या उजव्या हातात काठी तशीच होती.

परतताना गाडी मी चालवली. दोघेही गारठलेलो. मी म्हणालो, "नवीन रीळ असतं तर तुम्हाला पुढे जावंच लागलं नसतं." ते काचेतून बाहेर बघत होते. म्हणाले, "नवीन रीळ असतं तर दोरा तुटला नसता, दादा. मासा माझ्याकडेच राहिला असता. मग मी थांबलो असतो असं वाटतं तुम्हाला?"  महाग रिळाचे पैसे वसूल होतात का, असं मला कोणी विचारलं तर हाच प्रसंग आठवतो. "मेधाला सांगू नका," असं ते म्हणाले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. मेधाने ऐकून घेतलं, दोघांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि आत जाऊन रडली.

त्यानंतर आमच्यात एक तह झाला. लाटांत गुडघ्यापुढे जायचं नाही, आणि जुनं रीळ हंगामात अधूनमधून माझ्याकडे पाठवायचं. मग ते फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोस्टाने पेनरोजला यायचं. मी ते सुटं करायचो, वाळू काढायचो, ग्रीस लावायचो, पंपाच्या सीलमधून कापून त्याला नवी चकती बसवायचो. परत पाठवलं की त्यांचा फोन, "स्वीट ॲज, दादा," म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास. आम्ही दोघं फारसं बोलणारे नाही. पण एखाद्या महिन्यात ते पार्सल आलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं. त्या सेलमधल्या रिळात शेवटी शेवटी मूळचं असं फारसं काही उरलं नव्हतं. त्याच्यावर माझा विश्वास बसला होता, पाण्यावर बसला नव्हता. आणि माणूस गेला तो कोरड्या घरात, बुटाची नाडी हातात धरून. मी कुठे पहारा देत बसलो होतो आणि मरण कुठून आलं! याचा मला राग येतो. अजूनही येतो.

दिवसकार्य झालं, आम्ही ऑकलंडला परतलो. जानेवारीच्या शेवटी मेधाचा फोन आला. "दादा, मी शनिवारी नदीवर जातेय. ते लाल टोपीवाले आहेत ना, ते शिकवतो म्हणालेत. तुझं वाणाचं रीळ लावलंय."  मी म्हणालो, "थांब, मी येतो, तिकीट काढतो." ती म्हणाली, "तू येऊ नकोस. तू मागे उभा राहिलास की माझे पाय कापतील." मग मी नाही नाही ते सगळं सांगितलं, लाटा, गोटे, विजारीत शिरणारं पाणी. तिने नेहमीसारखं शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाली, "त्यांनी ते तीन हंगाम कपाटात जपून ठेवलं. मला आता काही जपून ठेवायचं नाहीये, दादा."

तो शनिवार मी कसा काढला ते आमच्या हिला विचारा. बागेत गेलो, परत आलो. फोन हातात घेऊन बसलो. संध्याकाळी तो वाजला. मासा मिळाला नव्हता. मेधा स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी होती, नळाचा आवाज येत होता. "दादा, हे धुवायचं कसं? खूप वाळू लागलीय." मी सांगू लागलो. नळ बारीक ठेव, धार जोरात मारू नकोस, मीठ आत जातं. हँडल हळूहळू फिरव. ती फिरवत होती, मला ऐकू येत होतं, अगदी मऊ आवाज, चांगल्या बेअरिंगचा. मी म्हणालो, "आता ड्रॅग पूर्ण सैल कर. घट्ट राहिला की आतल्या चकत्या दबून बसतात." थोड्या वेळाने ती म्हणाली, "केला."   पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे, असं तिने सांगितलं.

तू किती पाण्यात उभी होतीस, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. म्हणालो, "आता फडक्याने पूस. आणि कपाटात नको ठेवूस, बाहेरच राहू दे वाळत."