टोकाचं पालथं ताट

वसतिगृहाच्या जेवणघरात लांब टेबलाच्या टोकाला रोज एक ताट पालथं असतं, शेजारी पालथा पेला. जेवायला बसण्याआधी मुलं क्षणभर त्याच्याकडे तोंड करून उभी राहतात. कॉलेज सव्वाशे वर्षांचं. मुलांना वाटतं, ताटही तितकंच जुनं, कुणीतरी यायचं राहिलंय त्याचं. ते मांडतात वाढपीकाका. बत्तीस वर्षं, एक दिवस न चुकता.

इतिहासाच्या बाई कॉलेजचा इतिहास लिहीत होत्या. ताट कुणाचं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा काकांनी मामांकडून ऐकलेलं सांगून टाकलं. मामा त्यांच्याआधीचे मुख्य वाढपी. भाच्याला इथे चिकटवलं ते त्यांनीच. एक विद्यार्थी सुट्टीत घरी गेला तो परतलाच नाही, त्याची वाट बघणारं हे ताट. साल कुठलं, बाई म्हणाल्या. ते काकांना ठाऊक नव्हतं आणि मामा तर कधीच वर गेलेले. पुस्तक उद्या छापायला जायचं होतं. म्हणून दुपारचं आवरून काका निवृत्त आचाऱ्याच्या घरी गेले.

आचारी ऐकून खोकला येईपर्यंत हसला.

"कसला विद्यार्थी? तू नवा लागलास आणि मोजायला चुकलास. एक ताट जास्त झालं. रेक्टर दारातून खेकसले, हे कुणाचं? तुझी बोबडी वळली. मामा पुढे झाला, ताट पालथं घातलं आणि दिली थाप ठोकून. रेक्टर बिचारे डोळे पुसत उभे राहिले, मग पोरंही उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ताट नसतं तर पितळ उघडं पडलं असतं."

काकांना तर पक्कं आठवत होतं की पहिल्याच दिवशी ताट तिथे होतं. डोळे पुसणारे रेक्टरही आता आठवत होते. पण ते आधीपासून की आत्ता ऐकल्यामुळे? शिवाय आचाऱ्याने तासाभरात दोनदा त्यांनाच मामा समजून हाक मारली होती. विश्वास ठेवायचा कुणावर? परत येताना तो विद्यार्थी डोळ्यांसमोरून हलेना. सावकाश जेवणारा, मोठ्या कानांचा. हे कान त्याला कुणी दिले, मामांनी की आपणच?

काकांनी बाईंना सगळं सांगितलं आणि पुस्तकातली विद्यार्थ्याची ती ओळ काढा म्हणाले.

"म्हणजे गोष्ट खोटी?"

"खोटी नाही म्हणत मी."

"मग खरी?"

"तसंही नाही."

"काका, धड एक काहीतरी सांगा हो."

"बत्तीस वर्षं मी मांडतोय, एवढं खरं. त्याआधीचं मला माहीत नाही."

बाईंनी ओळ खोडली. पुस्तकात जे नाही ते टेबलावर कशाला, असं ठरवून काकांनी संध्याकाळी टोक मोकळं ठेवलं. मग राहवेना, म्हणून ताट घेऊन आले, आणि ठेववेना म्हणून हातात धरून उभे राहिले. तेवढ्यात घंटा झाली.

मुलं आली. मोकळी जागा बघून कुणीच बसेना. कुजबुज झाली, थांबली. शेवटी पहिल्या वर्षाच्या एकाने हळूच विचारलं, "काका, तो आला का?"

काकांनी दाराकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.