खिडकीसमोरचा खलाशी

माझा थोरला भाऊ आगबोटीवर आगवाला होता, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. साहेब लोक सिगारेटची रिकामी पाकिटं फेकून देत, त्यांतली रंगीत चित्रं तो जमवायचा आणि काशीदला घरी आला की माझ्या ओंजळीत घालायचा. शेवटच्या खेपेला त्याने त्यांतली बारा निवडली, सुताराकडून काचेच्या चौकटीत बसवून घेतली आणि ओटीवर, पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगली. मधल्या चित्रात लाल टोपी घातलेला एक खलाशी होता. अम्मा म्हणाली, हा तर आपलाच मुलगा. भाऊ नुसता हसला. त्या खलाशाची आणखी एक प्रत होती, ती मी माझ्या उर्दूच्या पुस्तकात ठेवून दिली.

तो गेल्यावर वर्षभर पत्रं आली. मग थांबली.

वडील आधीच वारले होते. घरात आम्ही दोघीच. अम्मा रोज दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की चौकटीपुढे उभी राहायची. त्या वेळी समुद्रावरचं ऊन थेट काचेवर पडलेलं असायचं. चित्रांतला लाल रंग आधी गेला, मग पिवळा. टोपी राखेसारखी झाली, आणि खलाशाचा चेहरा निळसर पडला. पाण्यातून वर काढलेल्या माणसाचा चेहरा मी एकदा किनाऱ्यावर पाहिला होता, तसा.

"त्याच्या अंगातलं रक्त चाललंय," अम्मा एकदा म्हणाली. त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं.

मामूंचं अलिबागला कोर्टात काम निघालं तेव्हा मी हट्टाने सोबत गेले आणि तिथल्या एका फोटोवाल्याला विचारलं. म्हातारा होता, नीट ऐकून घेतलं त्याने. हे सगळं उन्हाचं काम, काच ऊन अडवत नाही, म्हणाला. चौकट ऊन न पोचणाऱ्या भिंतीवर लावा, नाहीतर खिडकीला जाड पडदा घाला.

"पण गेलेला रंग परत येत नाही, पोरी. राहिलाय तेवढा सांभाळ."

अम्मा चौकट हलवू देईना; त्याच्या हाताने लावलेली होती. पडद्याला मात्र नाही म्हणाली नाही. रमजानची ईद होऊन आठवडा झाला होता. ती शेजारी गेलेली पाहून मी चौकटीमागचे खिळे उपसले, फिका खलाशी काढला आणि पुस्तकातला लाल टोपीवाला तिथे बसवला. मग जुन्या लुगड्याचा दुहेरी पडदा खिडकीला लावला.

अम्मा परत आली आणि चौकटीपुढे उभी राहिली.

"बरा झाला," ती हळूच म्हणाली.

तिने शिरा केला, वाडीत वाटला, मुलगा येणार म्हणून सांगत फिरली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मला मात्र ओटीवरून जाताना त्या चित्राकडे बघवेना. तो माझ्याकडेच बघतोय असं वाटायचं. मी पाठ फिरवली तरी वाटायचं.

महिन्याभराने मुरूडचा सारंग, म्हणजे बोटीवरच्या माणसांचा मुकादम, आला. भावाला बोटीवर भरती करणारा हाच. ओटीच्या कडेला बसून, मान खाली घालून त्याने सांगितलं, की भाऊ बोटीवरच तापाने गेला आणि त्याला दर्यात सोडलं. मी विचारलं, कधी? त्याने बोटं मोजली. रमजान लागायच्या आधी, म्हणाला.

म्हणजे शिरा वाटला त्या दिवशी त्याला जाऊन महिन्याहून जास्त दिवस झाले होते.

अम्मा रडली नाही. सारंग गेल्यावर ती उठली आणि तिने खिडकीचा पडदा ओढून काढला.

"अम्मा, रंग जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे. माझ्यासाठी त्याला अडवून ठेवू नको."

तिला सगळं कळलं होतं का, मला अजून ठाऊक नाही. मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. दुपार कलून ऊन चौकटीवर आलं की ती ओटीवर बसायची, आणि मी आत चुलीपाशी जाऊन काहीतरी काम काढायचे.