डेअरीतला एकशे नव्वद

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्यासारख्यानं लिहायला बसावं याची आधी माफी मागतो. पण कच्च्या दुधाचा वास आला की मुरगूडजवळच्या गावातली ती डेअरी आठवते. कॉलेजातले आमचे सर रक्तदाबावर संशोधन करत होते, त्यासाठी एका सकाळी मी तिथं, दुधाचं फॅट मोजणाऱ्या मशीनशेजारीच, बीपीचं मशीन मांडलं होतं. दूध घालून आलेल्या एका काकांचा वरचा आकडा एकशे नव्वद आला आणि रांगेतल्या मागच्यानं त्यांची पाठ थोपटली, "लई भारी की ओ काका." फॅट जास्त लागलं की दूध चांगलं, तसंच हेही असणार, अशी सगळ्यांची समजूत. एकशे वीसवाला तर माझ्यावरच तापला, "पावणं, माझा एवढा कमी? मशीन तपासा की." चारचौघांत बोलायचा मला धीर होईना. काका सायकलला किटली अडकवत होते तेव्हा गाठून कसंबसं म्हणालो, "काका, हा आकडा वाईट आहे, अशानं झटका येतो. आजच डॉक्टरांकडं जा." ते हसले, "गावात पयला आलोय, आन् तू तोंड पाडतोस व्हय?" पुढं कित्येक दिवस मला त्यांचाच घोर लागला होता. शेवटी डेअरीच्या सेक्रेटरींचा फोन आला, "काकांस्नी गोळ्या सुरू झाल्यात, आकडा एकशे तीसवर आलाय. पण गावात अजून एकशे नव्वदच सांगत्यात."