औषधाचा डबा

हे मी कुनाला सांगितलेलं न्हाई. बायकोला न्हाई, देवाला बी न्हाई — त्यो तर बघतच हुता म्हना. तुमाला का सांगतोय? म्हाईत न्हाई. बसवत न्हाई, येवढंच. दोन घटका एका जागी बसलो की उठतो, दारापतुर जातो, परत येतो. सून म्हनती, मामांच्या पायाला भिंगरी हाय.

मी अडानी मानूस. शाळेत एकच दिवस गेल्तो, त्यो बी रविवार निघाला. पारनेर तालुक्यातलं आमचं बारकं गाव, आन् त्या गावाचा मी चेष्टेखोर. मयतीला जाऊन बी लोकांना हसवलेलं हाय. लोक म्हनायचे, भिका बोलला की पोट दुखतं. पोट दुखतं... हां. तिकडंच यायचंय. येतो.

बहात्तरचा दुष्काळ. त्याच्या आदल्या साली मी वांगी लावली हुती, त्यावर मारायचं औषध आनलेलं. औषध संपलं, डबा उरला. ग्रामसेवक चावडीवर सांगून गेल्ता — फवारनीच्या औषधाचे रिकामे डबे घरात ठिवू नका, धुवून वापरू तर अजिबात नका. भोकं पाडा, ठेचा, आन् हिरीपासनं लांब, कंबरभर खड्ड्यात पुरा. मी म्हनलो, "रावसाहेब, डब्याचं दहावं बी घालू का?" समदी चावडी हसली. ग्रामसेवक बी हसला.

बायको मागं लागली म्हनून कुदळ घेऊन गेलो. पर त्या सालची जमीन! कुदळ मारली ती उसळून माझ्याच नडगीवर. वीतभर खड्डा झाला न्हाई तर रगत निघालं. आन् खरं सांगू? डबा फोडायला जीव हुईना. घट्ट झाकनाचा, पत्रा कोरा करकरीत. मी त्याचा कागद खरवडला, राखेनं घासला, म्हनलो रॉकेल ठिवायला हुईल. खड्ड्यात माती लोटली. घरी येऊन सांगितलं — पुरला. डबा गोठ्यामागं.

हितपतुर नुसता आळस. आळसाला कोन फाशी देतंय?

शेजारी नामदेवदादा आन् सगुनावहिनी. वहिनीशी माझी लई थट्टा चालायची. दोन-चार दिसांनी सकाळी ती गवऱ्या न्यायला आली आन् डबा दिसला तिला.

"भावजी, ह्यो पडूनच हाय का? ह्यांना खडीवर पानी न्यायला हुईल. काल मडकं फुटलं, तवाधरनं घरात नुसतं भांडान हाय."

"न्या की."

"कशाचा हाय?"

"औषधाचा."

"दवाखान्यातल्या?"

थांबा. जरा हितं थांबू द्या मला. आमच्याकडं तापाची गोळी बी औषध आन् किडं मारायचं ते बी औषध. एकच शब्द. मी खोटं बोललो न्हाई — असं मी किती वर्सं सोताला सांगितलं! पर ती काय समजली ते मला समजलं हुतं. "न्हाई, फवारनीच्या" — येवढंच म्हनायचं हुतं. म्हनलो असतो तर? डबा पुरला न्हाई हे तिला कळलं असतं, तिनं माझ्या बायकोला सांगितलं असतं, आन् पानवठ्यावर बाया मला हसल्या असत्या. जलमभर लोकांना हसवनाऱ्याला सोतावरचं हसू नको हुतं. आन् वाटलं, राखेनं घासलाय, काय हुतंय?

मी म्हनलो, "व्हय वहिनी. ह्यातलं पानी पाजा, दादाचा राग बी उतरंल."

"तुमचं आपलं कायतरीच," म्हनत ती हसत डबा घेऊन गेली.

दुपारी दुष्काळी कामावर खडी फोडताना मी दादापासनं चार हात लांब हुतो. त्यानं डबा तोंडाला लावला. घटकाभरानं हातोडा टाकून खाली बसला, मग आडवा झाला. तोंडाला फेस, हातपाय झटकाय लागला. मुकादमानं डबा हुंगला आन् वरडला, "आरं, औषध पिलाय ह्यो!"

औषध पिलं म्हनलं की आमच्याकडं दुसरा अर्थच न्हाई. सकाळी नवराबायकोचं भांडान आळीनं ऐकलेलंच हुतं. खडीच्या ट्रकमधनं त्याला नगरला नेला. वाचला त्यो.

तिसऱ्या दिवशी चावडीवर हवालदार आला. दादानं दवाखान्यात सांगितलेलं — मी औषध पिलो न्हाई, बायकोनं भरून दिलेलं पानी पिलो. मंजी आता समदं तिच्यावर. वहिनी म्हनली, "डबा भावजींनी दिला. दवाखान्याचा म्हनले. इचारा की त्यांना." समद्यांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाई बा. माझा डबा मी पुरलाय."

बायको पदर सावरत पुढं झाली — "व्हय साहेब, नडगीला कुदळ लागली ह्यांच्या." आन् मी काय केलं? धोतर वर करून नडगी दावली. भर चावडीत. खपली बी निघाली न्हवती अजून. मी उकरलेली माती हवालदारानं रानात येऊन लांबनंच बघितली. त्या उन्हात परत खांदायचं कुनाच्या जिवावर आलं न्हवतं, त्याच्या बी न्हाई.

वहिनी वरडली न्हाई. बारीक आवाजात म्हनली, "भावजी, आता तरी चेष्टा करू नका."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

हवालदारानं कागद वाचून दावला. मला वाचता येत न्हाई, ऐकू तर येतं? डब्याशी माझा संबंध न्हाई, असं हुतं त्यात. मी अंगठा दिला.

दादानं तक्रार केली न्हाई. घराची अब्रू म्हनला. तिला माहेरी बी धाडली न्हाई. पर त्या दिसापासनं त्यानं तिच्या हातचं पानी पिलं न्हाई. सोताचा तांब्या सोता भरायचा, उशाला ठिवायचा. भाकरी वाढली की पहिला तुकडा तिला खायला लावायचा, मग सोता. एका घरात, वर्सानुवर्सं. सुना आल्या, त्यांनी बी ती रीत बघितली. वहिनी माझ्याशी परत बोलली न्हाई. मी? मी पहिल्यापरीस जास्त हसवाय लागलो. गप बसलो असतो तर कुनी इचारलं असतं ना.

दादा थकला, अंथरुनाला खिळला. शेवटच्या दिवशी आमी समदी भोवती. वहिनीनं वाटीत पानी आनलं, चमचा त्याच्या व्हटाला लावला. त्यानं व्हट घट्ट मिटले, मान भिताडाकडं केली. तिनं परत लावला. परत तसंच. मी उशाशीच हुतो. दादाचा कान माझ्या तोंडापासनं वीतभर.

कोनतरी म्हनलं, "भिका, तू पाजून बघ."

वहिनीनं चमचा माझ्या हातात दिला. वाटी तिच्याच हातात हुती. मी त्यातनं पानी घेतलं, त्याच्या तोंडाशी नेलं, आन् म्हनलो, "दादा, मी हाय, भिका."

त्यानं तोंड उघडलं.