तांडेलच्या होडीमागची फळी

माघातला रविवार. आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा आणि बोचरा, खाडीत भरती चढती.

रोजनिशीत मी आधी हवा लिहितो आणि मग माणसं. हवेबद्दल संशयाला जागा कमी! किस्से मात्र सुतारशाळेतल्या भुशासारखे. कोणी मुद्दाम साठवत नाही, पण संध्याकाळी पाहावं तर घोट्यापर्यंत ढीग. त्या वर्षी आमच्याकडे जो ढीग झाला, तो सगळा एकाच फळीचा.

तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं. त्यातल्या एका कंत्राटदाराच्या सुतारशाळेत मी हजेरी कारकून होतो. आमचं काम शटरिंगचं, म्हणजे सिमेंट ओतायला लाकडी साचे उभे करायचे. पासष्टची लढाई संपून थोडेच महिने झाले होते. किनाऱ्यावर नवा माणूस दिसला की तो हेर, आणि नवं गाठोडं दिसलं की त्यात सोनं, असा सगळ्यांचा समज. अशा दिवसांत आमच्या दिनकररावांना पाण्यावरच्या खेळाची हौस आली!

*

दिनकरराव आमचे ड्राफ्ट्समन. परदेशी इंजिनियरांच्या रद्दीत त्यांना एक चित्र सापडलं. पुढे मोटरबोट, मागे दोर, दोराला फळी, आणि फळीवर पोहण्याच्या कपड्यांत उभी हसणारी बाई.

"अशी फळी आपण करायची," ते म्हणाले आणि चित्र घरी घेऊन गेले. ती चूक झाली.

सुशीलावहिनींनी चित्र बराच वेळ पाहिलं. "तुम्हाला यातलं नक्की काय करायचंय?"

"फळी!"

"मग बाई कशाला ठेवलीय?"

दुसऱ्या दिवशी चित्र सुतारशाळेत आलं ते कात्री लागून. होडी होती, दोर होता, फळी होती, आणि फळीवर फक्त दोन पावलं. आमचे तुकाराम मिस्त्री साताऱ्याकडचे. त्यांनी चित्र उलटसुलट केलं आणि दिनकररावांकडे संशयानं पाहिलं.

"साहेब, पाय हायेत. माणूस कुठं गेला? बुडाला?"

*

होडी मिळवायची होती. शेजारच्या कोळीवाड्यात लक्षुमण तांडेलनं नुकतंच होडीला इंजिन बसवलं होतं. त्या इंजिनाला तो स्वतःच्या हातानं पुसायचा, दुसऱ्याला फडकंही लावू द्यायचा नाही. घरचं सगळं त्या इंजिनावर चाललेलं.

"जालं नाय टाकायचं, मासं नाय धरायचं," तो म्हणाला. "मंग वडायचं काय?"

"माणूस," दिनकरराव म्हणाले.

तांडेलनं विडी खाली ठेवली. "जिता?"

*

लाकूड दिनकररावांनी पदरचं आणलं होतं, मनोरच्या वखारीतून. ते आत आलं तेव्हा कोणी विचारलं नाही. फळी होऊन बाहेर निघाली तेव्हा गेटवरच्या चौकीदारानं काठी आडवी धरली. आमची होडी मंद, म्हणून फळी मुद्दाम रुंद केलेली. दिसायला थेट दार!

"यह क्या है?"

"खेळायची फळी."

"इतना बड़ा आदमी खेलेगा?" त्यानं फळी ठोकून पाहिली, कान लावला. "अंदर क्या है?"

"आत लाकूड आहे!"

"और बाहर?"

शेवटी त्यानं पासवर लिहून घेतलं: दार एक, घर नाही.

*

कोळीवाड्यात नवी अडचण. समुद्रात पहिल्यांदा जाणाऱ्या वस्तूला कुंकू आणि नारळ हवा, त्याशिवाय तांडेलची बायको जाईबाई वाटेतून हलेना.

"हिचं नाव काय?" तिनं विचारलं.

"फळीला कसलं नाव?"

"बिननावाची वस्तू दर्यात कोन सोडतंय? चोर सोडतंय!"

आसपासच्या बायका पाहू लागल्या. दिनकरराव गडबडले आणि म्हणाले, "सुशीला."

जाईबाईनं "सुशीला"ला कुंकू लावलं, नारळ फोडला. बातमी आमच्या आधी प्रकल्पाच्या वसाहतीत पोचली. घरी घाबरत शिरलेल्या दिनकररावांना वहिनींनी एवढंच विचारलं, "म्हणजे आता सगळ्या गावादेखत माझ्यावर उभे राहणार?"

*

पहिली चाचणी. हवा ढगाळ, वारा पडलेला, पाणी तेलासारखं स्वस्थ. होडी निघाली, दोर ताणला, आणि फळीनं नाक खाली करून नांगरासारखी बुडी घेतली. दिनकरराव वर राहिले, पण फळीशिवाय! तांडेलला मागचं कळलं नाही. तो पाण्याखाली काहीतरी ओढत थेट धक्क्यापर्यंत गेला.

धक्क्यावर पोलीस चौकीतले हवालदार उभे होते.

हे हवालदार नगरकडचे. चहा प्यायचे तेही आधी दुसऱ्याला एक घोट देऊन. तळाला खिळे ठोकलेले जाड बूट घालून फिरायचे, त्यामुळे ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. त्यांनी दोर ओढून फळी वर काढली, वासही घेतला.

"पाण्याखालून माल आणायची ही नवी तऱ्हा दिसते."

"साहेब, हिच्यावर माणूस उभा राहतो," दिनकरराव निथळत म्हणाले.

"तुम्ही तर पोहत आलात!"

शेवटी हवालदारांनी निकाल दिला. येत्या रविवारी या फळीवर माणूस उभा राहून खाडीच्या तोंडापासून धक्क्यापर्यंत आला पाहिजे. आला, तर खेळ. नाही आला, तर वर रिपोर्ट, आणि होडीच्या इंजिनाला सील.

तांडेलनं दिनकररावांकडे पाहिलं. पूर्वी तो त्यांना "साहेब" म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "दिनकर, माझं इंजिन!"

*

आठवडाभर सुतारशाळेत दुसरं बोलणं नव्हतं. फळीचं नाक वर हवं, हे दिनकररावांनी कागदावर काढलं. मिस्त्रींनी पुढचं टोक उकळत्या पाण्यात भिजवलं, वजनाखाली वाकवलं. दोर नाकाच्या वरच्या अंगाला बांधला, उभ्या माणसाला धरायला लगामासारखा दुसरा दोर दिला. मिस्त्रींनी शेवटचा हात फिरवला आणि फळी कापडात गुंडाळली.

"कापड का?" मी विचारलं.

"नजर लागती. आन चोरत्यात पण!"

*

तो माघातला रविवार. खाडीच्या तोंडाशी दिनकरराव फळीवर चढले आणि होडी सुटताच सर्रकन मागे पाण्यात गेले. दुसऱ्यांदाही तेच. मग मिस्त्री चढले, तेही गेले. फळी मात्र आता नाक वर करून ऐटीत चालली होती, एकटीच!

"तांडेल मुद्दाम हिसका देतो!" दिनकरराव ओरडले.

"मी? माझं इंजिन जाताय आन मी हिसका देन?" तांडेल कडाडला. "तुजा मिस्त्रीच फितूर हाय!"

"ह्यांना जमिनीवर तरी नीट हुबं ऱ्हाता येतंय का?" मिस्त्री म्हणाले.

मी फळीवर हात फिरवला. बोटं तुकतुकीत झाली.

"मिस्त्री, हिला काय लावलंत?"

"शटरिंगचं तेल. फळी झाली की तेल लावायचं, आजवर हेच केलं." त्यांनी फळीकडे अभिमानानं पाहिलं. "सिमेंट चिकटलं का कुठं? न्हाई ना!"

वाळूनं घासू म्हणालो, तर नजर ठेवायला दुसऱ्या होडीतून आलेले हवालदार शेजारून गरजले, "हात लावायचा नाही! पुरावा पुसताय? तेल, वाळू, सगळं नाटक! ह्या फळीवर माणूस उभा राहूच शकत नाही, हे मी स्वतः सिद्ध करतो."

"साहेब, बूट तरी काढा," दिनकरराव म्हणाले.

हवालदारांनी आमच्यावरून, तांडेलवरून आणि किनाऱ्यावर जमलेल्या सगळ्या कोळीवाड्यावरून नजर फिरवली.

"आणि ठेवू कुणाजवळ?"

ते बुटांसकट फळीवर चढले. खिळे लाकडात रुतल्याचा आवाज आला. तांडेलनं देवाचं नाव घेऊन इंजिन चालू केलं.

हवालदार खाडीच्या तोंडापासून धक्क्यापर्यंत उभे आले. गुडघ्यांपर्यंत भिजले होते, वर कोरडे. टोपी डोक्यावर होती. धक्क्यावर उतरून त्यांनी फळी जप्त केली आणि चौकीत नेली. इंजिनाला सील लागलं नाही.

पुढचा रविवार. आभाळ स्वच्छ, वारा मंद, भरती सकाळची. चौकीतला शिपाई तांडेलच्या दारात आला.

"हवालदार साहेबांनी बोलावलंय. चौकशी अपुरी आहे. होडी घेऊन या. आणि दोर."