माणूस उचलायची तालीम

रत्नागिरीत दणकट माणसांची वाण नाही. बंदरावर मासळीचे भरलेले क्रेट घेऊन धावणारे गडी आहेत, चिरेखाणीवर दिवसभर जांभा दगड ट्रकात चढवणारे आहेत, माडावर सरसर चढून नारळ पाडून पुन्हा खाली येऊन विडी पेटवणारे आहेत. पण माझं ठाम मत असं आहे, की या सगळ्या मुलखातली खरी चिवट ताकद माझ्या बायकोच्या मावशीकडे आहे. उंचीने त्या माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. वजन किती म्हणून विचारलं तर "ओल्या लुगड्यासकट की सुक्या?" असं उलट विचारतात. साठी मागे पडून बरीच वर्षं झाली. व्यायामशाळेची पायरी त्या आयुष्यात चढलेल्या नाहीत. स्वयंपाकाचा ओटा, मधल्या दाराची चौकट, पडवीची भिंत आणि स्वतःचेच दोन हात, एवढ्या सामानावर त्यांनी जी ताकद कमावली, ती मी डोळ्यांनी पाहिली नसती तर मीही हसण्यावारी नेली असती.

मावशींच्या व्यायामाचं मुख्य तत्त्व म्हणजे स्वतःच स्वतःशी भांडायचं. छातीसमोर दोन्ही तळवे जुळवायचे आणि उजव्याने डाव्याला, डाव्याने उजव्याला ढकलायचं. बोटांत बोटं अडकवून दोन्ही हात दोन दिशांना ओढायचे. उजवा हात कोपरात वाकवायचा आणि डाव्याने त्याला तसं करू द्यायचं नाही. "ढकलायला दुसरा माणूस कशाला हवा? हा डावा बसून खातोच आहे की," असं त्यांचं म्हणणं. ही भांडणं कुठेही सुरू होत. टीव्हीवरच्या मालिकेत सासू सुनेला घराबाहेर काढत असली, की इकडे मावशींचे हात एकमेकांत अडकून थरथरत असायचे, आणि नेमकं कशामुळे त्यांचा चेहरा लाल झालाय हे नव्या माणसाला कळायचं नाही. देवळातही तेच. गाभाऱ्यासमोर डोळे मिटून, दात आवळून, तळव्यावर तळवा दाबून त्या इतका वेळ उभ्या राहू लागल्या, की गुरवाला वाटलं बाईंची भक्ती फार वाढली. त्याने एकदा प्रसादाचा अख्खा नारळ त्यांच्या ओटीत घातला. मावशींनी तो घेतला, आणि घरी आल्यावर मला म्हणाल्या, "नमस्कार पण झाला नि दंड पण झाले. देवाला काय दोन्ही चालतं."

एसटीत तर कंडक्टर त्यांना ओळखू लागले होते. मी पालीच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे रोजचा प्रवास एसटीचा. मावशींचं माहेर पालीच्या पुढे, म्हणून त्यांच्या घरी माझी बायको थांबली, की अधूनमधून त्या माझ्याच गाडीला असत. बसायला जागा असली तरी मावशी उभ्या. वरचा दांडा धरून तो खाली ओढायचा, असा त्यांचा कार्यक्रम हातखंब्यापर्यंत चाले. एकदा कंडक्टर न राहवून म्हणाला, "आजी, काय दांडा घरी न्यायचाय काय?" मावशी दांडा न सोडता म्हणाल्या, "नाय रे मेल्या. तुझा दांडा घट्ट हाय का बघत्ये." पुढच्या थांब्याला त्या कंडक्टरने सगळ्यांची नजर चुकवून स्वतः तो दांडा ओढून पाहिला.

पाहुण्याला चहाच्या आधी व्यायाम, हाही त्यांचा शिरस्ता. मी त्यांच्या भाचीचा नवरा, म्हणजे घरचा जावई. कोकणात जावयाला पाट, तांब्या आणि मान मिळतो. मावशींकडे मला भिंत मिळाली. "जावईबापू, बसा," त्या म्हणाल्या. मी खुर्ची शोधू लागलो. "खुर्ची कशाला? भिंतीला पाठ लावा नि खुर्ची हाय असं समजून बसा." मी बसलो. दोन्ही मांड्यांत आग पेटली. मावशी आत जाऊन चहाचं आधण ठेवून आल्या, दुधाचं पातेलं शोधून आल्या आणि माझ्याकडे कौतुकाने पाहत म्हणाल्या, "हां. आता मांड्या बोलायला लागल्या असतील." त्या दिवशी माझ्या मांड्या जे बोलल्या ते शाळामास्तराने लिहिण्यासारखं नाही.

हे वेड त्यांना हौसेने लागलेलं नव्हतं.

मावशींचे यजमान, आमचे काका, बर्फाच्या कारखान्यात मुकादम होते. आडवेतिडवे, भरदार माणूस. मासळीच्या हंगामात मजूर कमी पडले की मुकादमपण बाजूला ठेवून स्वतः आकड्याने बर्फाच्या लाद्या ओढायचे. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. हळूहळू ते काठी घेऊन चार पावलं टाकू लागले, पण तोल भरवशाचा नव्हता. आणि एका दुपारी, घरात दोघंच असताना, पलंगावरून उठता उठता काका खाली आले. लागलं फारसं नाही. पण मावशींना त्यांना उचलता येईना. काखेत हात घालून पाहिला, पाठीमागून ओढून पाहिलं. माणूस तसूभर हलला नाही. फोन पलीकडच्या खोलीत होता, पण काकांनी त्यांचा पदर धरून ठेवला होता. कुणाला बोलावू नको, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मावशीही त्यांच्या शेजारी फरशीवर बसून राहिल्या. उन्हं उतरल्यावर त्यांनी पदर सोडवून घेतला आणि शेजारच्यांना हाक मारली. वाडीतली चार पोरं आली, "काका, काय टेन्शन नाय," म्हणत त्यांनी त्यांना उचलून पलंगावर ठेवलं. पोरं भली होती, आनंदाने आली होती. पण त्यानंतर काका भिंतीकडे तोंड करून निजले, आणि दोन दिवस जेवायलाही वळले नाहीत.

मुंबईत असलेला त्यांचा मुलगा सुहास दुसऱ्याच दिवशी आला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "आई, तू एकटी काय करणार? डोंबिवलीला चला. लिफ्ट आहे, माणूस ठेवू." काकांनी मान हलवली, ती नकाराचीच होती. डोंबिवलीच्या घरात खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते, एवढंच ते तिथल्याबद्दल नेहमी सांगत. अखेर सुहास म्हणाला, "शिमग्याला येईन तेव्हा दोघांना घेऊनच जाईन. तोपर्यंत तयारी करा."

मावशींनी तयारी केली. फक्त ती सामान बांधायची नव्हती.

काकांना व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. मावशींनी तिला धरलं. "मला ह्यांना उचलता यायला हवं. काय करू सांग." ती मुलगी आधी हसली, मग मावशींचा चेहरा पाहून हसायची थांबली. पाठीने नाही, मांड्यांनी उचलायचं, माणूस अंगालगत घ्यायचा, त्याचं चालतं अंग कामाला लावायचं, हे तिने सांगितलं. पण त्यासाठी आधी तुमच्या अंगात बळ हवं, असंही म्हणाली. त्या दिवसापासून मावशींनी भिंत ढकलायला घेतली. भिंत सरावाची झाली तेव्हा ओटा, ओट्यानंतर पलंगाची कड. आमटीला उकळी येईतो चवड्यांवर वर-खाली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "वयनी, काय चुकलं काय तुमचं? शाळेतल्यासारख्या उठाबशा काढताय त्या?" मावशी म्हणाल्या, "चुकलं ना. तरुणपणी काढायच्या ऱ्हायल्या." डॉक्टरांनी प्रथिनं वाढवा म्हणून सांगितलं, तर "म्हावरं खा असं सरळ सांगा की," म्हणत त्यांनी बांगड्यांची संख्या वाढवली, आणि सोमवारच्या उपासाला कुळथाचं पिठलं चालतं की नाही यावर गुरवाशी वाद घातला.

मी आपला जावयाचा धर्म म्हणून डंबेल्सची एक जोडी नेऊन दिली. पुढच्या खेपेला ती लोणच्याच्या बरणीवर दिसली, कैऱ्या खाराखाली दाबून धरायला. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "रागावू नका हो. पण लोखंड उचलायला शिकून मी काय करू? लोखंड काय पलंगावरून घसरत नाय."

सगळं असं विनोदाने चाललं असं मात्र नाही. जमिनीवर पालथं होऊन अंग उचलायचा पहिला प्रयत्न केला तेव्हा त्या गालावर आपटल्या आणि तशाच पडून राहिल्या. मी नि माझी बायको दारातच होतो. बायको धावली, तर खालून आवाज आला, "हात लावू नको गो. माझी मी उठत्ये." उठायला बराच वेळ लागला. मधे एकदा खांदा असा भरला की हातावर भाकरी थापता येईना. त्या दिवशी प्रथमच त्या रडल्या. माझ्या बायकोने म्हटलं, "मावशी, जाऊ दे ना. डोंबिवली काय वाईट नाय." मावशींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वाईट कोण म्हणतंय? पण ह्यांनी जन्मभर कुणाचं कायतरी उचललं. आता ह्यांना रोज परका माणूस उचलणार. ते नजर वर करायचे नायत." खांदा बरा होईपर्यंत त्यांनी फक्त पायांचा व्यायाम केला, आणि बरा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून, भिंतीपासून सुरुवात केली.

शिमगा आला. ग्रामदेवतेची पालखी दारात येऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत सुहासने विषय काढला. गाडी ठरवली होती. मावशी म्हणाल्या, "मी उचलत्ये ह्यांना." सुहास म्हणाला, "आई, तू? बाबा कसे आहेत, तू कशी आहेस, बघ तरी." आवाज चढले. मी मधे पडायचा प्रयत्न केला, तर दोघांनीही मला गप्प केलं. आणि मग, कुणाचं लक्ष नसताना, खुर्चीत बसलेल्या काकांनी डावा हात टेकला, कंबर पुढे सरकवली आणि सावकाश, ठरवून, स्वतःला खाली फरशीवर सोडून दिलं.

"बाबा!" सुहास धावला. काकांनी डावा हात वर करून त्याला जागीच थांबवलं. मग मावशींकडे पाहून, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "उचल गो."

मावशींनी पदर खोचला. स्टूल ओढून काकांच्या डाव्या हाताशी ठेवलं. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, कोपरावर घेतलं, चालता गुडघा दुमडून खाली रोवला. काकांच्या कमरेला पंचा गुंडाळून तो मागून दोन्ही मुठींत धरला आणि त्यांच्या पाठीला छाती लावून खाली बसल्या. "अहो, मी 'हां' म्हटलं की तुम्ही स्टुलावर जोर द्यायचा. माझ्यावर सोडायचं नाय सगळं." काकांनी मान डोलावली. "हां!" काका अर्धे उठले आणि अडकले. मावशींच्या पायांना कापरं भरलं, मानेची शीर तटतटली. सुहासचा पाय पुढे पडला, माझ्या बायकोने त्याचं मनगट धरलं. तेवढ्यात मावशींच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, त्या ताठ उभ्या राहिल्या, आणि काका खुर्चीत बसले. धाप दोघांनाही लागली होती. काकांनी डाव्या हाताने मावशींचा हात धरला आणि इतक्या महिन्यांनी ते मोठ्याने हसले.

सुहास खाली मान घालून म्हणाला, "एकदा जमलं गं. रोज?"

"रोजच जमवायचंय," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "एकदाच करायला ही काय सर्कस हाय?"

गाडी रिकामी गेली. जायच्या आधी सुहासने स्वतः बाबांना उचलून पाहिलं, आणि "कंबर नको रे, मांड्या! मांड्या!" अशी आईची बोलणी खाल्ली.

याला आता काही वर्षं झाली. दोघं अजून तिथेच आहेत. व्यायामही सुरू आहे, फक्त आता तो बघायला कुणी कुंपणाशी थांबत नाही. गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही काकांना रिक्षातून भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. रिक्षावाला मदतीला उतरला, तर मावशींनी नेहमीसारखं त्याला हाताने बाजूला केलं, गुडघे वाकवले आणि काकांना अलगद बाहेर घेऊन सुरूंच्या सावलीत चटईवर बसवलं. क्षणात झालं सगळं. मी आणि मावशी जरा बाजूला उभे राहिलो. मी म्हटलं, "मावशी, आता तर तुम्ही काकांना फुलासारखं उचलता. ताकद फार वाढली तुमची."

मावशींची नजर काकांवर होती. काका पाण्याकडे बघत होते. शर्ट खांद्यावरून ढगळ झाला होता, वाऱ्याने पाठीमागे फुगत होता.

"मला पण आधी तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. "खूश झाले होते मी. पण ताकद हाय तेवढीच हाय हो. हे हलके होत चाललेत."

त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "कसे जड होते. चिडायचे मी तेव्हा. जड होते तेच बरं होतं."

मग त्या काकांजवळ गेल्या आणि निघायचं का म्हणून विचारलं. काकांनी मान हलवून नाही म्हटलं. "बसा मग. मला काय घाई नाय," असं म्हणून मावशी कुठे हात न टेकता त्यांच्या शेजारी वाळूत बसल्या, आणि मी रिक्षावाल्याला आणखी थोडं थांबायला सांगायला गेलो.