वेस वापरात नाही, असं मी लिहिलं

खाडीकाठच्या त्या गावाची जुनी वेस अजून उभी आहे. नवी मुंबईत राहणाऱ्याने एकदा तरी बघावी. काळ्या दगडाची कमान, आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, अडसर सरकवायची खोल भोकं. बंदराचा सगळा माल याच दारातून जाई. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. खाडी ज्याच्या हाती, त्याचे शिपाई इथे. वेस त्यांच्याही आधीची, असं गावकरी सांगतात. पाहुण्यांना मी हे सगळं सांगतो, पण कमानीखाली फार वेळ उभा राहत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्या गावात भाड्याने राहत होतो आणि नव्या वसाहतीचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत आरेखक होतो. एका रविवारी घरमालकांनी मला वेस दाखवली. नव्या शहरासाठी भातशेती गेलेला, तरी थट्टेखोर माणूस. आतल्या भिंतीवर हळदीच्या पंजांचे फिकट ठसे होते. गावातली मुलगी सासरी निघाली की वेशीत थांबते, ओल्या हळदीचा हात भिंतीवर उमटवते आणि मगच बाहेर पाऊल टाकते.

"यो माझ्या बहिनीचा," ते म्हणाले. "वैशाखात लेकीचं लगीन, इथं आमच्या बायचा येनार. तवा जेवायला या साहेब, पन नकाशा घरी ठेवून!"

पंधरा दिवसांनी त्याच भागाचा नकाशा माझ्या टेबलावर आला. जुनं बांधकाम वापरात असेल तर जागेवर जाऊन मापं घ्यायची, वेगळा तक्ता भरायचा, असा नियम होता. नकाशा दुसऱ्या दिवशी वर जायचा होता. मी लिहिलं, 'पडकी भिंत, वापरात नाही.' ते ठसे तेव्हा मला आठवले होते. तरीही लिहिलं.

लग्नाच्या आठवड्यात वेशीच्या दोन्ही तोंडांना काटेरी तार पडली आणि 'वापरात नसलेली जागा, प्रवेश बंद' अशी पाटी लागली.

त्या दुपारी वऱ्हाड तारेपाशी अडलं. बँड थांबला. "उचलून टाका नवरीला पलीकडं," कुणीतरी म्हणालं, पण हसलं कोणी नाही. आईने मुलीचं मनगट धरून हात तारेतून आत घातला. भिंत वीतभर लांब राहिली.

"ऱ्हाऊ दे आये," मुलगी म्हणाली. शालूला लागू नये म्हणून हळदीचा पंजा उघडा धरून ती जीपमध्ये बसली.

घरमालक माझ्याकडे वळले. "साहेब, तुमच्या हापिसात इचारा की. हिचा वापर नाय, असा कोन बोलला?"

"विचारतो," मी म्हणालो. पंगतीत बसलो, अर्ध्या पानावरून उठलो. खाडीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

सोमवारी संध्याकाळी ते ओटीवर माझी वाट बघत होते.

"इचारलंत?"

"वरून आलं होतं, काका."

"मंग तुमी तरी काय करनार? टेन्शन नका घेऊ. बसा, चाय घ्या."

मी बसलो. चहा घेतला. पुढच्याच महिन्यात खोली सोडली.

तारा काही वर्षांनी निघाल्या. काका आता नाहीत. त्यांची मुलगी पनवेलकडे असते, असं ऐकतो. तिला भेटून सांगायचं ठरवून मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा परत फिरलो. म्हणून इथे लिहितो. बाय, वरून काही आलं नव्हतं. ती ओळ माझ्या हातची होती.